एकांत आणि सेवा
(पिलारचे फादर आग्नेल यांच्या चरित्रावरून कांहीं विचार)

ज्युबिलीचें वर्ष आलें म्हणजे हिशेब मांडण्याची आपली रीत आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, देवळाचा पाया केव्हां घातला, शाळेची इमारत कोणाच्या वेळीं उभी राहिली, हें सर्व अशा स्मरणिकेंत येतें, आणि तें यावयासच पाहिजे. परंतु एक गोष्ट कोणत्याही नोंदवहींत सांपडत नाहीं. ती म्हणजे, हें सर्व ज्यांनीं उभें केलें ते आमचे धर्मगुरू रात्रीं कंदिलाच्या उजेडांत किंवा पहाटे रिकाम्या देवळांत एकटे किती वेळ बसत होते, ही. त्या मौनाची नोंद कोणी ठेवीत नाहीं. आणि आमच्या मतें तर सेवेचें मूळ तेथेंच आहे. म्हणून या शुभप्रसंगीं वाचकांपुढें एकांताचा विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक कबुली देणें प्राप्त आहे. धर्मगुरूंच्या दाराला कडी लागलेली पाहून आम्हींही कुरकुर केली आहे. बोलके, हंसतमुख, घरोघर जाऊन चहा घेणारे फादर आले म्हणजे आम्ही म्हणतों, "माणूस मोठा भला!" आणि अबोल, संकोची, मिस्सा संपतांच प्रार्थनेस परत जाणारे फादर आले म्हणजे आम्ही म्हणतों, "यांना माणसांची आवड नाहीं." असा निवाडा किती वेळां उतावळेपणाचा होता, हें वय वाढल्यावर आम्हांस कळूं लागलें आहे. त्या निवाड्याचें थोडें प्रायश्चित्त म्हणूनही हा लेख वाचकांनीं स्वीकारावा.

आमच्या वाशीम भागास एकांत ही वस्तु नवी नाहीं. वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटक राजकुलाच्या एका शाखेची येथें राजधानी होती, आणि सर्वसेन हा त्या शाखेचा मूळ पुरुष. याच शाखेंतील हरिषेण राजाच्या काळीं, इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत, त्याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें कोरविलें. तें लेणें म्हणजे भिक्षूंचा विहार आहे. भिक्षूंनीं गांवोगांव फिरावें, आणि पावसाळ्याचे महिने एका जागीं राहून ध्यानधारणेंत घालवावे, असा त्यांचा वर्षावासाचा नियम होता. वाशीमच्या राजसत्तेनें दगड फोडून जी जागा केली ती अशा स्थिर बसण्यासाठीं केली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें याच जिल्ह्यांतील कारंजें हें नृसिंह सरस्वतींचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध झालें. शिरपूर येथें जैन बांधवांचें मोठें तीर्थ आहे. मौनव्रत घेतलेल्या मुनीपुढें आमचा शेजारी आदरानें हात जोडतो. तो मुनी बोलत नाहीं म्हणून त्याला कोणी माणूसघाणा म्हणत नाहीं. मग आमच्याच धर्मगुरूचें मौन आम्हांस कां खुपावें?

याचें एक कारण असें दिसतें कीं, धर्मगुरू हा मेंढपाळ आहे आणि मेंढपाळानें कळपांतच असलें पाहिजे, अशी आमची समजूत आहे. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. उत्तम मेंढपाळ जो प्रभु येशू त्याचेंच चरित्र पाहूं. कफर्णहूमांत त्यानें एका सायंकाळीं असंख्य रोगी बरे केले. सारें नगर दाराशीं लोटलें. दुसऱ्या दिवशीं अंधार असतांच तो उठला आणि निर्जन जागीं जाऊन प्रार्थना करीत बसला. शिष्य शोधीत आले व सर्व लोक वाट पाहत असल्याचें सांगूं लागले. तेव्हां तो मागें त्याच दाराशीं गेला नाहीं; आसपासच्या गांवीं उपदेशास निघाला. पुढें बारा प्रेषित पहिल्या कामगिरीहून दमून आले. जेवावयासही सवड नव्हती. त्या वेळीं प्रभूनें त्यांस एकीकडे नेऊन विसांवा घेण्यास सांगितलें. ही कथा मार्काच्या शुभवर्तमानांत आहे, आणि तिचा शेवटही विसरतां कामा नये : लोक धांवत आधींच तेथें पोहोंचले, आणि प्रभूला त्यांचा कळवळा आला. म्हणजे विसाव्याची आज्ञाही त्याचीच, आणि विसांवा मोडून दिलेली सेवाही त्याचीच. या दोहोंतील तोल संभाळणें हाच पौरोहित्याचा खरा अभ्यास होय.

ख्रिस्तसभेच्या इतिहासांत हा तोल अनेकांनीं संभाळला. इजिप्तचे संत अंतोनी वर्षानुवर्षें अरण्यांत राहिले. पण छळाच्या दिवसांत बंदिवान ख्रिस्ती लोकांस धीर देण्यासाठीं ते आलेक्झांड्रियांत उतरले. संत ग्रेगोरी ५९० सालीं पोप झाले, तेव्हां मठांतील शांतता गेल्याचें दुःख त्यांनीं उघडपणें पत्रांतून व्यक्त केलें. आणि तरीही पुरांनीं, सांथीनें व युद्धानें गांजलेल्या रोम शहराचा भार त्यांनींच वाहिला. संत इग्नासियुस १५२२ सालीं मान्रेसा गांवीं जाऊन कित्येक महिने राहिले. तेथील एकांतांतून त्यांच्या आत्मिक साधनेचा क्रम निघाला, व त्याला १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. आजही धर्मगुरू व प्रापंचिक जी "रिट्रीट" करितात तिचें मूळ बरेंचसें तेथें आहे.

आमच्या वऱ्हाडाचा तर या परंपरेशीं जवळचा संबंध आहे. वऱ्हाड-नागपुराकडे कॅथलिक धर्मकार्य करावयास आलेले मिशनरी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाच्या संस्थेचे होते. ही संस्था फादर पीटर मेर्मिये यांनीं १८३८ सालीं आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं असलेल्या आन्सी या गांवीं स्थापिली. पुढें १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत झाला, आणि १९५५ सालीं त्यांतून अमरावतीचा धर्मप्रांत निघाला. ज्यांचें नांव या मिशनऱ्यांनीं धारण केलें ते संत फ्रान्सिस १६०२ सालीं जिनीव्हाचे बिशप झाले. परंतु जिनीव्हा प्रोटेस्टंटांच्या हातीं असल्यामुळें त्यांचा मुक्काम आन्सीसच असे. उपदेश, पत्रें, तंटे, भेटी यांत त्यांचा दिवस जाई. अशा माणसानें १६०९ सालीं भक्तिमार्गाची ओळख करून देणारा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला, तो मठवाशांसाठीं नव्हे, प्रपंचांतल्या लोकांसाठीं. व्यवहाराच्या गर्दींतही मनाच्या आंत एक कोठडी असावी, आणि दिवसांतून अनेक वेळां तेथें देवापाशीं जाऊन यावें, असा त्यांच्या उपदेशाचा भावार्थ आहे. आमच्या भागांत श्रद्धेचें बीज पेरणारांच्या झोळींत ही शिकवण होती.

आतां ज्यांच्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला त्या सत्पुरुषाकडे वळूं. ते गोव्याचे फादर आग्नेल होत.

आग्नेलो द सौझा यांचा जन्म बार्देस तालुक्यांतील हणजूण गांवीं २१ जानेवारी १८६९ रोजीं झाला. तो दिवस संत आग्नेस हिच्या सणाचा, म्हणून तेंच नांव मुलास मिळालें. आईबापांचें छत्र लहानपणींच हरपलें. पुढें त्यांनीं राशोलच्या सेमिनरींत धर्मशिक्षण घेतलें. राशोल हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं तेथेंच छापलें गेलें. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टींत राहिला, आणि येथील लोकांच्या बोलीशीं व ग्रंथभाषेशीं इतका समरस झाला कीं, ओंवीबद्ध पुराण लिहूं शकला. हजारों ओंव्या कांहीं बाजारांत उभें राहून रचल्या जात नाहींत. त्यांमागेंही पुष्कळ शांत रात्री असल्या पाहिजेत.

सेमिनरींतील शिक्षण झाल्यावर आग्नेल यांनीं १७ जुलै १८९७ रोजीं पिलार येथील संत फ्रान्सिस झेवियर मिशनरी संस्थेंत प्रवेश केला, व २४ सप्टेंबर १८९८ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पिलारची टेकडी गोवा वेल्हाजवळ, झुआरी नदीच्या बाजूस आहे. पायथ्याशीं कदंब राजांची जुनी राजधानी गोपकपट्टण वसली होती. टेकडीवरील मठ १६१३ च्या सुमारास फ्रान्सिस्कन साधूंनीं बांधिला. पोर्तुगीज सरकारनें १८३४ सालीं धर्मसंघ बंद केले आणि मठ सुना पडला. पुढें १८८७ सालीं स्थापन झालेल्या या गोमंतकीय मिशनरी संस्थेस तो मिळाला. परंतु आग्नेल आले तेव्हां संस्थेची स्थिति फारशी भरभराटीची नव्हती. माणसें थोडीं, साधनें थोडीं, आणि भविष्य अंधुक. असें असतां एखादा उत्साही तरुण म्हणाला असता कीं, येथें बसून काय होणार? शहरांत जावें, चार माणसें जमवावीं, संस्थेचें नांव करावें.

आग्नेल यांनीं तसें केलें नाहीं. दीक्षेनंतरचीं सुमारें दहा वर्षें त्यांनीं मुख्यतः त्या टेकडीवर प्रार्थना, अध्ययन व तप यांत घालविलीं. पवित्र साक्रामेंतापुढें ते तासच्या तास गुडघे टेकून बसत. येशूच्या पवित्र हृदयाची भक्ति हा त्यांच्या अंतःकरणाचा विषय होता. जगाच्या दृष्टीनें हीं दहा वर्षें रिकामीं होत. वयाच्या तिशीपासून चाळिशीपर्यंतचा, माणसाच्या उमेदीचा काळ! त्या वर्षांत त्यांच्या नांवें कोणती इमारत झाली? कोणती चळवळ उभी राहिली? हिशेबाच्या वहींत लिहावें असें कांहींच नाहीं.

परंतु शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाहीं. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यांत भेगा पडतात. नांगरून टाकलेलें शेत वैशाखांत उघडें पडून असतें. नवख्याला तें ओसाड वाटतें. पण ती जमीन तापत असते, आणि मृगाच्या पाण्याची वाट पाहत असते. जी जमीन कधींच मोकळी राहत नाहीं तिचा कस उतरतो, हें आमच्या वडिलांस पुस्तकाविना ठाऊक होतें.

पिलारच्या टेकडीवर तापलेली ही जमीन पुढें पिकली. आग्नेल यांनीं उत्तर कानडा जिल्ह्यांत कुमठा भागांत व गोव्याच्या अंतर्भागांत धर्मसेवा केली. उपदेश केले, पापनिवेदनें ऐकलीं, गरीब वस्त्यांतून फिरले. नंतर १९१८ सालीं, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षीं, राशोलच्या त्याच सेमिनरींत आत्मिक मार्गदर्शक म्हणून त्यांची नेमणूक झाली. मृत्यूपर्यंत, म्हणजे नऊ वर्षें, हें काम त्यांनीं केलें.

हें काम कसलें असतें, हें पुष्कळांस माहीत नसतें. सेमिनरीचा रेक्टर शिस्त पाहतो, प्राध्यापक परीक्षा घेतात. आत्मिक मार्गदर्शक विद्यार्थ्याचें अंतःकरण ऐकतो. त्याला भीति, मोह, शंका, एकटेपणा सर्व सांगतां येतें, कारण तेथें सांगितलेलें बाहेर जात नाहीं. एखाद्या विद्यार्थ्यास गुरुदीक्षा द्यावी कीं नाहीं याचा निर्णय करितांना आत्मिक मार्गदर्शकाचें मत विचारूं नये, असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. म्हणजे या अधिकाऱ्याचें मौन हा त्याचा स्वभावदोष नसून त्याचें कर्तव्य आहे. ज्याला गप्प बसण्याची संवय नाहीं, ज्याला आपलें मत चारचौघांत सांगितल्यावांचून राहवत नाहीं, त्याच्या हातून हें काम कसें व्हावें? दहा वर्षें देवापुढें गप्प बसलेला माणूसच दुसऱ्याचें ऐकण्यास तयार झालेला असतो. एकांतानें आग्नेल माणसांपासून दूर गेले असें नव्हे. माणसांच्या फार जवळ जाण्याची योग्यता त्यांस एकांतानें आली.

दिनांक २० नोव्हेंबर १९२७ रोजीं राशोल येथें त्यांचें देहावसान झालें. दफन तेथेंच झालें. पण लोकांची श्रद्धा वाढत गेली, आणि १० जानेवारी १९३९ रोजीं त्यांचे अवशेष पिलारच्या टेकडीवर आणण्यांत आले. त्याच वर्षीं संस्थेची पुनर्रचना होऊन तिला नवें चैतन्य आलें. जी संस्था एके काळीं अंधुक भविष्याकडे पाहत होती तिच्या मिशनऱ्यांनीं पुढें दूरदूर कार्य पसरविलें, आणि वांद्र्यास व वाशीस आग्नेल यांच्या नांवाच्या शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८६ सालीं आग्नेल यांस "पूजनीय" म्हणून घोषित केलें. ज्यानें स्वतः एकही भव्य इमारत बांधली नाहीं, त्याच्या नांवें आज अनेक इमारती आहेत!

येथें कोणी म्हणेल कीं, आग्नेल यांचा स्वभावच शांत होता. पण जे मिशनरी रानोरान फिरले त्यांचें काय? त्यांस गोव्याच्याच दुसऱ्या पुत्राचें उदाहरण सांगतों. संत जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ सालीं बाणावलीस झाला. ते पायांनीं फिरणारे मिशनरी होते. कानडा प्रांतांत हिंडले, आणि डच लोकांनीं कॅथलिक धर्माचा छळ मांडला असतां वेष पालटून १६८७ सालीं सिंहलद्वीपांत शिरले. पण या दोन प्रवासांच्या मध्यें काय आहे? १६८५ सालीं जुन्या गोव्यांत कांहीं धर्मगुरूंनीं प्रार्थनामय सामुदायिक जीवन आरंभिलें होतें. वाझ त्यांस मिळाले, आणि संत फिलिप नेरी यांच्या रीतीप्रमाणें ओरेटरी या संस्थेची घडी त्यांनीं बसविली. नंतरच ते निघाले. पुढें १६९२ सालीं कँडीच्या राजानें हेर समजून त्यांस बंदींत टाकिलें. सक्तीनें लादलेला तो एकांतही त्यांनीं वायां घालविला नाहीं. प्रार्थनेंत व सिंहली भाषेच्या अभ्यासांत तो लाविला. त्यांचा मृत्यु १७११ सालीं झाला, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं ते संत म्हणून जाहीर झाले. स्वभाव बोलका असो वा अबोल, विहिरीला झरा हा लागतोच. फरक एवढाच कीं, कोणाची विहीर लौकर भरते, कोणाची सावकाश.

हा स्वभावभेद आतां शास्त्रानेंही मानला आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीं १९२१ सालीं आपल्या ग्रंथांत अंतर्मुख व बहिर्मुख असे दोन प्रकार वर्णिले. कांहींची शक्ति माणसांत मिसळल्यानें वाढते. कांहींची माणसांत खर्च होते व एकांतांत पुन्हां भरून येते. अंतर्मुख माणूस लोकांवर प्रेम करीत नाहीं असें नाहीं. तो प्रेम करितो, आणि म्हणूनच थकतो. लग्नाच्या मांडवांत शंभर लोकांशीं बोलून आलेल्या अशा धर्मगुरूस तासभर एकटें बसूं देणें, म्हणजे दिवसभर राबलेल्या बैलास सायंकाळीं जूं उतरून गोठ्यांत सोडण्यासारखें आहे. तें आळसाला उत्तेजन नव्हे. उद्यांच्या नांगरटीची तरतूद होय.

आमच्या ख्रिस्तसभेनेंही ही तरतूद केवळ इच्छेवर सोडलेली नाहीं. पोप अकरावे पायस यांनीं १९२९ सालीं आत्मिक साधनेच्या महत्त्वावर स्वतंत्र परिपत्रक काढिलें. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें धर्मगुरूंनीं नेमानें रिट्रीट करणें हें त्यांचें कर्तव्य आहे. आणि धर्मग्रामाच्या प्रमुखास वर्षाकाठीं जी एक महिन्यापर्यंतची सुटी मिळते तींत रिट्रीटचे दिवस धरूं नयेत, असा स्पष्ट नियम आहे. म्हणजे विश्रांति वेगळी आणि देवापाशींचा एकांत वेगळा, आणि दोन्ही आवश्यक, असें ख्रिस्तसभा मानते.

तथापि एकांताची एक खोटी प्रतिमाही आहे, आणि तिच्याविषयीं न बोलणें अप्रामाणिकपणाचें होईल. रागानें लावलेलें दार, मरणाऱ्याच्या हांकेलाही न उघडणारें दार, हा एकांत नव्हे. जो एकांतांतून बाहेर येतांना अधिक चिडखोर होऊन येतो, तो तेथें देवाला भेटला नसून केवळ स्वतःला भेटला असें समजावें. पारख सोपी आहे : कफर्णहूमच्या त्या पहाटेनंतर प्रभु दुसऱ्या गांवीं सेवेस गेला, आग्नेल दहा वर्षांनंतर कुमठ्यास गेले. खरा एकांत शेवटीं माणसांकडेच घेऊन जातो. आणि जो केवळ एकलकोंडा होऊन मनांत झुरत आहे, मग तो धर्मगुरू असो वा प्रापंचिक, त्यास मोकळें सोडणें हें आदराचें नव्हे, तर हेळसांडीचें लक्षण होय. त्याच्या दारावर प्रेमानें थाप मारलीच पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांत ख्रिस्ती मंडळी थोडी आणि पांगलेली. एखाद्या कुटुंबाच्या भेटीस कोसांचें अंतर, एखाद्या रोग्याच्या तैलाभ्यंगास रात्रीचा प्रवास, वर शाळा, वसतिगृह, कचेरीचीं कामें; आणि आतां तर खिशांतला फोन मिस्सेच्या वस्त्रांखालींही वाजतो. पूर्वीच्या धर्मगुरूस निदान वाटेंत तरी एकांत मिळत असे. बैलगाडी चालली आहे, जपमाळ हातांत आहे, आणि दोन गांवांमध्यें कोणी बोलावणारें नाहीं. आजच्या धर्मगुरूची ती वाटही आम्हीं हिरावून घेतली आहे. ती परत देणें आमच्या हातीं आहे. सकाळची एक घटका, आठवड्यांतील एक सायंकाळ, वर्षांतील रिट्रीटचे दिवस, एवढें तरी त्यांचें त्यांना राहूं द्यावें. तांतडीची हांक असेल तर नि:शंक मारावी. पण रेशनकार्डावरील सहीसाठीं प्रार्थनेंतून उठवूं नये. प्रपंचांतील ज्या साध्यासुध्या माता पहाटे सर्वांच्या आधीं उठून चुलीपाशीं दोन मिनिटें डोळे मिटून बसतात, त्यांस यांतलें मर्म आमच्याहून अधिक समजतें. त्यांच्याही त्या दोन मिनिटांस घरच्यांनीं जपावें. आणि आपल्या मुलांत जें एखादें मूल अबोल आहे, गर्दींत मागें उभें राहतें, त्याला घुमें म्हणून हिणवूं नये. कदाचित् देव त्याच्याशीं बोलत असेल.

पुढील ज्युबिलीस जेव्हां आपलीं नातवंडें पुन्हां हिशेब मांडतील, तेव्हां आजच्या आकड्यांचें काय होईल तें सांगवत नाहीं. इमारती जुन्या होतील, रंग उडतील. परंतु या देवळांत पवित्र साक्रामेंतापुढें कोणी तरी एकटा, कोणास न कळतां, गुडघे टेकून बसला होता, त्याचें फळ त्यांच्या वांट्यास येईल. पूजनीय आग्नेल यांच्या विनंतीनें आमच्या धर्मगुरूंस तो एकांत लाभो, आम्हांस त्याचा मान राखण्याची सुबुद्धि मिळो, आणि त्यांतून निघालेली सेवा या वाशीमच्या भूमींत सर्व जातीधर्मांच्या बांधवांपर्यंत पोहोंचो, हीच प्रभुचरणीं आमची नम्र प्रार्थना.